आमची वाटचाल: दोन खोल्या आणि कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान

2013 ला कोल्हापुरात राजारामपुरीत दोन खोल्या भाड्याने घेऊन स्पीच थेरपी सेंटर चालू केलं. पहिला मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम, वाक्यं पूर्ण बोलायचा पण पाहुणे आले की थेट त्यांच्या पर्समध्ये हात, मग घरी फटके. अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरोल ग्रे बाईंची सोशल स्टोरी (एखाद्या प्रसंगात काय घडतं, समोरच्याला काय वाटतं हे मुलाला सांगणारी छोटी गोष्ट) मला कोर्सपासून माहीत होती, पण तयार इंग्रजी गोष्टींत बर्थडे पार्टी आणि मिठ्या, याच्या घरी चहापोहे आणि पाया पडणं. म्हणून त्याच्याच घराचे, आत्याचे, आत्याच्या पर्सचे फोटो काढून सहा पानं लिहिली. "आत्याची पर्स आत्याची आहे. आत काय आहे ते मला बघावंसं वाटतं. न विचारता उघडली तर आत्याला आवडत नाही. मी आधी विचारायचा प्रयत्न करेन." करायचं काय ते एकाच वाक्यात, बाकी सगळं काय घडतं आणि समोरच्याला काय वाटतं.

त्याच्या बाबांचं, म्हणजे आमच्या दादांचं, कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान. पानांचं लॅमिनेशन जाड, कोपरे गोल (टोकदार कोपरा मुलं तोंडात घालतात, लागतो), मागे वेल्क्रो, हे सगळं दादांनीच बसवलं.

2018 ला माझ्याच हाताखाली तयार झालेली थेरपिस्ट सोडून गेली, जाताना लॅपटॉपमधल्या सगळ्या सोशल स्टोरी पेनड्राइव्हवर घेतल्या, मूळ फोल्डर डिलीट केलं आणि दोन गल्ल्या पलीकडे "40 सेशनमध्ये मूल नॉर्मल" असा बोर्ड लावला. माझ्याकडच्या 14 मुलांपैकी 11 तिकडे गेली. चार महिन्यांचं भाडं थकलं, ऑडिओमीटर (ऐकू किती येतं ते तपासायचं मशीन) विकायला काढला. पण खरं लागलं ते वेगळंच, माझ्या मुलांच्या घरचे फोटो तिने दुसऱ्या मुलांना वाटले, अहो परक्या आजीचा फोटो बघून मूल स्वतःच्या आजीबद्दल काय शिकणार?

तेव्हा दादा म्हणाले, ताई, तुमची प्रत्येक फाईल माझ्या कॉम्प्युटरवर आहे, प्रिंटला मीच घेतली होती ना. पाच वर्षांचं काम त्या दुकानातून परत मिळालं, आणि ऑडिओमीटर विकायचा राहिला.

नवीन थेरपिस्टना सांगते, एका गोष्टीत एकच प्रसंग घ्या. "नको", "करू नकोस" लिहू नका. आणि पालकांनो, मूल रडून लोळत असताना गोष्ट काढू नका, शांत असताना रोज वाचा, आणि जे ते आधीच छान करतं त्याचीही एक लिहा, नाहीतर पुस्तक दिसलं की त्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं.

तो पहिला मुलगा आता त्याच दुकानात बसतो. आमचे कोपरे तोच कापतो.