ड्रायव्हरकडच्या दाराने महिनाभर येड्यात काढलं

सापडलं बे! माझ्या गाडीच्या दारांत बसवलेल्या स्पीकरमधून ८० हर्ट्झच्या आसपास बास (खालचा, जाड आवाज) गायब आणि गाणारा बाई-माणूस समोर डॅशबोर्डवर बसल्यासारखा वाटतच नाही म्हणून मागच्या वेळी रडलो होतो ना, ते सापडलं. आणि सापडलं कशानं तर आईच्या भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलानं.

झालं काय, त्या दिवशी फीत घेऊन नीट मोजलं. डोक्यापासून उजवं दार ९२ सेंटीमीटर, डावं १३७. फरक ४५, म्हणजे उजव्या दाराला साधारण १.३ मिलिसेकंद डिले, जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवायचं, की दोघांचा आवाज कानात एकदमच पोचते. (आपल्याकडं मे महिन्यात गाडीतल्या तापलेल्या हवेत आवाज जोरात पळते, पण एवढ्याशा अंतराला फरक पडते ०.०५ च्या आसपास, त्याच्या मागं लागू नका, मी लागलो होतो.) डिले टाकला आणि आवाज अजून पातळ झाला! शून्यावर आणला तर जरा बरं. म्हणजे जितकं अचूक मोजावं तितकं वाईट, डोकं फिरून जाते राजा. मग इक्वलायझरवर ८० ला ६ डीबी चढवले, म्हणजे अँपकडून (स्पीकरला ताकद देणाऱ्या अँप्लिफायरकडून) चौपट पॉवर मागितली, तर बास आला नाही पण दाराचं पॅनल मात्र खडखडलं. फोनच्या आवाज मोजणाऱ्या अॅपवर पाहत होतो ते वेगळंच, फोनचा माइक बोलण्यासाठी बनवला आहे, खालच्या बासचं त्याला नीट कळत नाही, त्याच्यावर भरवसा ठेवूच नका.

रविवारी वैतागून दोन्ही दारांची जाळी काढली. घड्याळातला १.५ व्होल्टचा सेल, अँपकडून येणाऱ्या वायरच्या जोडीला क्षणभर टेकवला. डाव्या स्पीकरचा कोन (मधातला शंकूसारखा पडदा) बाहेर आला, टक. उजव्याचा आत गेला. पुन्हा केलं, पुन्हा आत. दोन्ही वेळा सेलाचा प्लस पट्टीवाल्या, म्हणजे प्लसच्या वायरलाच होता.

आता समजलं काऊन डिले टाकल्यावर बिघडत होतं ते. एक कोन ढकलते, दुसरा ओढते, आणि डिलेनं दोघांची वेळ मी एकदम बरोबर जुळवून दिली, मग एकमेकाला पूर्णच खाणार ना! डिले नव्हता तेव्हा वेळ चुकलेली असल्यानं मधातलं थोडंफार तरी वाचत होतं.

दोष कोणाचा तर माझाच. उजवं दार उलटं जोडलं तेव्हा लाइट गेली होती आणि टॉर्च दातात होता. तरी नागपूरच्या त्या दुकानदाराला एक शिवी देऊनच टाकतो, तांब्याची म्हणून वायर दिली आणि चाकूनं खरवडली तर आतून पांढरी, अल्युमिनियमवर नुसता मुलामा.

वायर उलटवली, डिले परत टाकला आणि मायबाप, आवाज बरोब्बर स्टिअरिंगच्या डावीकडं, काचेच्या मधात येऊन बसला. पाच मिनिटं दार लावून नुसता ऐकत बसलो.

पण बास अजून पोकळच. पुन्हा बोंबललं की काय? मग ध्यानात आलं, सबचा (नुसता बास वाजवणाऱ्या सबवूफरचा) फेज स्विच, म्हणजे त्याचं ढकलणं-ओढणं उलटवणारं बटण, मी जवळच्या त्या उलट्या दाराच्या हिशोबानं १८० वर ठेवला होता. शून्यावर आणला, आणि सीटच्या पाठीला धक्का बसला. मग इक्वलायझरचे ते ६ डीबी काढून टाकले, नाहीतर सगळं ढबढब होत होतं.

खरं तर आता डिजिटल प्रोसेसरचा कट, म्हणजे सब आणि दारांत आवाज वाटून देणारी कात्री, दर सप्तकाला १२ वरून २४ डीबीवर नेऊन अजून तीव्र करणार होतो, पण हे लिहितालिहिताच दुसरं सुचलं. सबचा सीलबंद डबा कापसानं भरला तर? भरल्यानं डबा आतून मोठा असल्यासारखा वागते, बास जरा मऊ होते, आणि आपल्या घरी फायबर विकत आणायची गरज काय, जिनिंगमधून रुई आणतो. पावसाळ्यात ओल धरन का, तेवढी भीती आहे. माझा डबा ०.८ घनफूट आहे, कोणी भरला असन तर किती भरला ते सांगा. आणि सरकी काढूनच भरायची हे मला माहीत आहे, बाबा सकाळपासून तोच विनोद करून राहिले.

घड्याळ अजून बंदच आहे.