वाढलेलं अमायलेज कुठलं? लाळेचं की स्वादुपिंडाचं?

रक्ताच्या रिपोर्टात अमायलेज (पिष्टमय पदार्थ पचवणारं एन्झाइम) वाढलेलं दिसलं की पहिला संशय स्वादुपिंडावर जातो. पण निरोगी माणसाच्या रक्तातलं निम्म्याहून थोडं जास्त अमायलेज लाळग्रंथींचं असतं. गालगुंड झाले किंवा बीजांडकोशाची काही प्रकारची गाठ असली, तर हाच लाळेसारखा एस-प्रकार वाढतो. एस-प्रकाराचं जनुक एएमवाय१, स्वादुपिंडाच्या पी-प्रकाराची एएमवाय२ए आणि २बी. दोन्ही रेणू इतके सारखे की साध्या चाचणीत त्यांची बेरीजच दिसते.

वेगळं करायला हल्ली दोन मोनोक्लोनल प्रतिपिंडं (ठरावीक रेणूलाच चिकटणाऱ्या, प्रयोगशाळेत बनवलेल्या अँटिबॉडी) एकत्र वापरतात. ती एस-प्रकाराला बांधून त्याचं काम थांबवतात. मग सबस्ट्रेट (अमायलेज ज्याचं विघटन करतं तो पदार्थ) घालून ३७ अंशांवर, ४०५ नॅनोमीटरला वाचन घ्यायचं. उरलेली क्रिया पी-प्रकाराची. एकूणातून ती वजा केली की एस-प्रकार मिळतो. मात्र सुमारे ३ टक्के एस-क्रिया दबायची राहू शकते. गालगुंडात एस १००० युनिट असेल तर ३० युनिट फुकट पी-च्या खात्यात जमा होतात. अशा वेळी लायपेज (चरबी पचवणारं, मुख्यतः स्वादुपिंडाचं एन्झाइम) पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

खरा घोळ मॅक्रोअमायलेजचा. अमायलेज आयजीए किंवा आयजीजी या शरीराच्याच प्रतिपिंडांना चिकटून एवढं मोठं होतं की मूत्रपिंडातून गळत नाही, रक्तात साचत राहतं. चाचणीतल्या प्रतिपिंडांना त्यातल्या एस-प्रकारापर्यंत नीट पोचता येत नाही, म्हणून पी खोटंच जास्त दिसतं. लायपेज नॉर्मल आणि लघवीतलं अमायलेज कमी असेल तर पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, मोठे रेणू खाली बसवणारं रसायन) चाचणी कराच. २०० मायक्रोलिटर सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) तेवढंच २४ टक्के पीईजी ६००० मिसळा, ३७ अंशांवर १० मिनिटं ठेवा, सेंट्रिफ्यूज करा. वरच्या द्रवातलं वाचन दुप्पट करा, कारण सीरम निम्मं पातळ झालेलं असतं. एकूण ३०० आणि वरचं वाचन २० आलं, तर ४० युनिट द्रवात उरले, म्हणजे सुमारे ८७ टक्के खाली बसलं. ७३ टक्क्यांच्या वर गेलं की मॅक्रोअमायलेज जवळपास नक्की. साधं अमायलेजही पीईजीने थोडं खाली बसतं, त्यामुळे सोबत नॉर्मल सीरम चालवायलाच हवं.

नमुना सीरम किंवा हेपरिनचाच घ्या. ईडीटीए आणि सायट्रेट ही रक्त गोठू न देणारी इतर रसायनं कॅल्शियम ओढून घेतात, आणि कॅल्शियमशिवाय अमायलेज काम करत नाही. उघड्या नळ्यांवर बोलणंही टाळा: लाळेत हे एन्झाइम इतकं असतं की एका बारीक तुषाराने एस-प्रकार फुगतो.