ब्लॉगसाठी हलकं काय घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तसे विचारणारे बरेच असतात. इथे नागपुरात धरमपेठेतल्या वाचनालयात गाठणारे, महालातल्या जुन्या वाड्यांवर लिहू पाहणारे निवृत्त मास्तर, नुकतीच नोकरीला लागलेली भाची. प्रश्न ठरलेला: "नवा ब्लॉग सुरू करायचाय, पण ते वर्डप्रेसचं लटांबर नको. काही हलकं सांग ना."

आज संध्याकाळीच सुरू करायचं असेल तर ब्लॉगर किंवा बेअर ब्लॉग या तयार सेवा. थोडं शिकायची तयारी असेल तर ह्यूगो हा प्रोग्राम. इतकं सांगून मी मोकळी होऊ शकते, पण मग "का?" येतंच.

वर्डप्रेस, म्हणजे साइट चालवायचं सॉफ्टवेअर, वाईट नाही. २००३ पासून आहे आणि जगातल्या पाचातल्या दोन साइटी तरी त्यावर चालतात. पण त्याची रीत अशी की कोणी तुमचं पान उघडलं की सर्व्हरवर पीएचपी या भाषेतला प्रोग्राम जागा होतो, डेटाबेसला मजकूर मागतो, पान जुळवतो आणि मग पाठवतो. दुकान चालवायचं असेल तर हे लागतंच. महिन्याकाठी एक लेख टाकणाऱ्याला कशाला? वर प्लगिनं, म्हणजे जादा सोयींसाठी जोडायचे छोटे प्रोग्राम. ती वेळच्या वेळी अपडेट करत राहणं हे एक कारकुनी काम आहे, आणि केलं नाही तर साइटीत शिरायला चोराला वाट मोकळी. होस्टिंगवाल्याकडे सोपवलं की ही कटकट कमी होते; मग त्याचे पैसे भरा.

ह्यूगो, जेकिल ही मंडळी उलट्या बाजूने येतात. तुम्ही साध्या टेक्स्ट फायलीत लिहायचं, मथळ्याआधी एक हॅश आणि ठळक शब्दाभोवती दोन-दोन तारे, एवढंच व्याकरण. त्याला मार्कडाउन म्हणतात, ते २००४ मध्ये आलं. प्रोग्राम एकदा चालवला की सगळी पानं तयार होऊन पडतात. सर्व्हरला फक्त ती उचलून द्यायची असतात, डेटाबेस नाहीच. जेकिल २००८चं, रूबी या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं, आणि विंडोजवर ते बसवताना डोकं उठतं. ह्यूगो २०१३चं, एकच फाइल उतरवायची, काम सुरू. तयार पानं गिटहब पेजेस या सेवेवर फुकट ठेवता येतात. अडचण एकच, काळ्या खिडकीत कमांड टाइप करावी लागते आणि फोनवरून लिहिणं गैरसोयीचं होतं. म्हणून मास्तरांना मी ह्यूगो सुचवत नाही, भाचीला सुचवते.

मास्तरांसाठी ब्लॉगर. १९९९चं आहे, २००३ पासून गूगलकडे. दिसायला जुनाट, थीम, म्हणजे साइटीचा तयार पेहराव, भारी निवडली तर फोनवर रेंगाळतंही, पण फुकट आणि सरळ. बेअर ब्लॉग २०२०चं. त्यात जावास्क्रिप्ट नाही, वाचकाचा माग काढणारं काही नाही, पान काही केबीचं. सजावटीची हौस असलेल्यांना ते ओकंबोकं वाटतं. मला तेच आवडतं.

आता जे परीक्षणं लिहिणारे सांगत नाहीत ते. आपण मराठीत लिहिणार. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, आणि लिंकमध्ये गेलं की प्रत्येक बाइटची तीन-तीन चिन्हं होतात, एक टक्क्याची खूण आणि पुढे दोन रोमन अक्षरं किंवा आकडे. म्हणजे 'मारबत' या, काना धरून पाच चिन्हांच्या, शब्दाची लिंकमध्ये ४५ चिन्हं. मास्तरांनी कोणाचीतरी अशी लिंक व्हॉट्सॲपवर पाहिली आणि मला फोन केला, "अहो ताई, व्हायरस आहे काय हा? नुसते टक्केच टक्के दिसून राहिले!" वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला २०० चिन्हांची मर्यादा घालतं. 'काळी पिवळी मारबत आणि बडगे' एवढ्या मथळ्यातच १९३ संपतात. पुढे 'तान्हा पोळा' जोडायला गेलात तर कात्री लागलीच. ब्लॉगरची तऱ्हा निराळी. मथळ्यात रोमन अक्षर दिसलं नाही की ते पत्त्यात नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' लिहून टाकतं, दुसऱ्या लेखाला त्याच्यापुढे आकडा. म्हणून कुठेही लिहा, प्रसिद्ध करण्याआधी पत्ता हाताने रोमनमध्ये घाला. नंतर बदललात तर आधी वाटलेल्या लिंका मरू शकतात.

दुसरी तपासणी थीमची. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या थीममध्ये मथळ्याची अक्षरं ऐटीत लांब लांब ठेवायची पद्धत असते. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे लोंबकळायला लागतात. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. म्हणून थीम ठरवण्याआधी एक परिच्छेद टाकून बघा, त्यात 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड', 'मूर्ती', 'शृंगार' हे शब्द असू द्या, आणि तो संगणकावर नाही, घरातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर बघा. पानाची भाषा मराठी आहे हे सेटिंगमध्ये सांगायलाही विसरू नका. काही फॉन्ट त्यावरून 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात.

तिसरी गोष्ट मी सगळ्यात आधी विचारते: इथून निघायचं कसं? २००३ साली सुरू झालेली टाइपपॅड ही ब्लॉगसेवा २०२५च्या सप्टेंबरअखेर बंद झाली. पॉस्टरस ही तशीच दुसरी सेवा तर २००८ ते २०१३, पाच वर्षांत खेळ आटोपला. ह्यूगोत हा प्रश्न येत नाही, फायली तुमच्याच संगणकावर असतात. ब्लॉगर, वर्डप्रेस लेखांची फाइल काढून देतात, पण त्यात फोटोंच्या फक्त लिंका असतात, फोटो नाही. तेव्हा मूळ फोटो आपल्याकडे जपायचे. आणि जमलं तर स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटीचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घ्या. उद्या बिऱ्हाड हलवलं तरी पत्ता तोच राहतो.

ईमेलने लेख पाठवायचे असतील तर सबस्टॅक किंवा घोस्ट बघा. बेअर ब्लॉग निवडणाऱ्याला त्यांची गरज सहसा पडत नाही.

राहिले फोटो. हजार शब्दांचा मराठी लेख साध्या फाइलीत वीस केबीच्या आसपास बसतो. फोनमधून जसाच्या तसा टाकलेला एक फोटो तीन-चार एमबीचा, म्हणजे दीड-दोनशे लेखांएवढा. मग प्लॅटफॉर्म कितीही हलका निवडा, इतवारीच्या गर्दीत नेटवर्क लंगडत असताना वाचकाला पांढरं पान दिसणार. फोटोची रुंदी बाराशे पिक्सेलवर आणा, वेबपी या हलक्या फोटो-स्वरूपात साठवा, दीडशे केबीच्या वर जाऊ देऊ नका. मास्तरांच्या पहिल्या लेखात वाड्याच्या दाराचे नऊ फोटो होते. आम्ही दोन ठेवले.