कॉलरचं डावं टोक

मे महिन्यात कपडे तासाभरात वाळतात, म्हणून रविवारी दुपारी घड्यांचा ढीग माझ्या मांडीवर येतो. त्यात चिरंजीवांचा पिवळा टी-शर्ट हाती लागला, डायनासोरवाला. गळ्याची पट्टी पुढून लोंबलेली आणि तिला मोहरीएवढी चार-पाच भोकं. आधी झुरळांवर संशय आला. मग उजेडात धरून पाहिलं. झुरळ काही एवढी चिकाटी दाखवत नाही. धागे चपटे झालेले, कड वाळून कडक. ही कारागिरी मी ओळखतो. या विषयातला मी जुना जाणकार.

बायकोला दाखवला असता, तर "तुझ्यावरच गेलाय" एवढंच ऐकायला मिळालं असतं. हल्ली आमच्याकडे बहुतेक विषय तिथंच येऊन संपतात.

माझं म्हणजे शाळेच्या सदऱ्याच्या कॉलरचं डावं टोक. उजव्याला मी कधी तोंड लावलं नाही. आधी नीळ आणि साबण लागायचा, मग बराच वेळ काहीच नाही, आणि सगळ्यात शेवटी थोडं खारट. पूर्ण भिजलेलं कापड दातांखाली करकरतं, तो आवाज आतून कानात येतो, आणि तेवढा वेळ वर्गातले बाकीचे आवाज लांब जातात. एकोणतीसचा पाढा मी त्या आवाजाच्या आधारानं म्हटलेला आहे. एकोणतीस साते दोनशे तीन. आठेला मास्तर माझ्याकडे वळले की टोक दातांत.

आईला सगळं धुण्यातून कळायचं. मोरीतून हाक यायची, "गणिताची वही मिळाली वाटतं आज?" हिनं वर्गात कुणीतरी हेर ठेवलाय, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. चौथीला स्कॉलरशिपला बसवलं, त्या वर्षी तर कॉलरची पार लक्तरं झाली. शिंप्यानं ती उसवली, उलटी करून पुन्हा शिवली, खालची कोरी बाजू वर आली. दिवाळीपर्यंत तीही खलास. मग आईनं कोरफडीचा गर चोपडला. दोन दिवस तोंड कडू झालं, तिसऱ्या दिवशी सवय झाली. आज मी कारल्याची भाजी मागून घेतो, त्याचं मूळ बहुधा तिथंच.

१९८७चा वर्ल्डकप आला तेव्हा मला चांगला वकील मिळाला. व्हिव रिचर्ड्स डोक्यावर हेल्मेट न घालता, च्युइंगम चघळत, जणू भाजी आणायला निघाल्यासारखा मैदानात यायचा. श्रीलंकेला त्यानं एकट्यानं १८१ धावा चोपल्या. मी आईला म्हटलं, बघ, तोही चघळतोच. ती म्हणाली, "तो स्वतःचे कपडे सोडून चघळतो."

मोठ्यांचं तरी काय वेगळं? बायको हिशेबाला बसली की मंगळसूत्राच्या वाट्या दातांत. आमचे साहेब चष्म्याची काडी खातात. पेनांच्या टोपणांना वरती जे भोक असतं, ते गिळलंच कुणी तर श्वासाला वाट राहावी म्हणून असतं. म्हणजे कंपन्यांनी आपल्याला केव्हाच ओळखलंय. आता तर अशा मुलांसाठी गळ्यात घालायची सिलिकॉनची लॉकेटं मिळतात, चावा हवी तेवढी. दातांना चाळा मिळाला की जीव थोडा थाऱ्यावर येतो, हे थेरपिस्ट आता सांगतात. आमच्या वेळी 'घाणेरडी सवय' एवढाच शब्द होता, आणि त्याबरोबर एक चापट.

मे महिन्यात मात्र माझी कॉलर कोरडी असायची. शाळा नाही, मास्तर नाहीत, चघळायचं कशाला? आमच्या आळीत आणखी एक मुलगा होता, तो शर्टाची बाही चावायचा. कोपरापर्यंत ओली. आम्ही त्याला 'वासरू' म्हणायचो. त्याची बाही मे महिन्यातही ओली असायची. आंब्याच्या आढीपाशी, विटीदांडू खेळताना, कधीही. त्याच्या घरी आम्ही खेळायला जात नसू. संध्याकाळी तिथून आवाज यायचे, भांडी आपटल्याचे, त्याच्या वडलांचे, आणि आई म्हणायची, आपण ऐकायचं नाही. आम्ही ऐकलं नाही. सातवीनंतर तो आळीत दिसलाच नाही.

हा पिवळा टी-शर्ट शाळेचा नाही. घरात घालायचा. शाळेला सुट्टी लागून तीन आठवडे झालेत.

रात्री आम्ही दार लावून घेतो. पण भिंती पातळ आहेत.

बायको आत झोपली आहे. गॅलरीत चिरंजीव एकटेच दोन्ही बाजूंनी कॅरम खेळतायत. स्ट्रायकरचा आवाज येतो, मध्येच थांबतो. थांबला की मी मान वाकडी करून बघतो, तोंडात काय आहे ते.