हीटर ठणठणीत होता!

काही दिवस डिशवॉशरमधून भांडी गार निघत होती. तुपाचा ओशट थर तसाच, टॅब्लेट अर्धवट विरघळलेली. पाणी भरत होतं, फवारे फिरत होते, निचराही होत होता. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगून टाकलं, "हीटर गेला, बदलावा लागेल." मशीन न बघता असं सांगणं मला पटलं नाही.

आज प्लग काढला, नळ बंद केला आणि मल्टीमीटर (विजेची मोजमापं घेणारं यंत्र) घेऊन बसले. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १८०० ते २००० वॉटच्या हीटरचा रोध साधारण २६ ते ३० ओहम यायला हवा. २८ आला! बॉडीकडे विजेची गळतीही नाही. मग तापमानाचा सेन्सर काढून कोमट पाण्याच्या वाटीत धरला. रोध सरसर उतरला, म्हणजे तोही शाबूत.

उरला कंट्रोल बोर्ड. हीटर चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) पायाभोवती काळपट गोल चीर दिसली आणि इतका आनंद झाला म्हणून सांगू! तिथून जवळपास आठ अँपिअर करंट जातो. सांधा तापतो, निवतो, शेवटी सोल्डरचा डाग सुटतो. जुनं शिसं काढून नव्याने डाग दिला. एवढ्यासाठी अख्खा हीटर बदलायला लावणार होते, याचा खरंच राग येतो.

संध्याकाळी ६५ अंशांवर मशीन लावलं. दार उघडताच वाफ! आईने लगेच तुपाची कढई आणून ठेवली.

पुण्यात कोणाचं मशीन असंच अडलं असेल तर कळवा, मल्टीमीटर घेऊन येईन.