अनोळखी कलर फिल्मचा पहिला रोल

डब्यावर सी-४१ (नेहमीच्या कलर निगेटिव्हची धुण्याची पद्धत) लिहिलंय की ईसीएन-२ (सिनेमाच्या फिल्मची), हे आधी पाहा. सिनेमाच्या फिल्मला मागे रेमजेटचा काळा थर असू शकतो; तो सी-४१ च्या रसायनात सुटला की रसायन नासतं. लॅबवाले चिडतात ते उगाच नाही.

मग एकच दृश्य चार वेळा टिपा: डब्यावरच्या आयएसओला (फिल्मच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा), एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त, दोन जास्त, एक कमी. चौकटीत ग्रे कार्ड (रंग जुळवायचं करडं कार्ड) आणि माणसाचा चेहरा हवाच. निगेटिव्ह फिल्म जादा प्रकाश सहज सोसते. कमी पडला तर सावल्या मातकट होतात, ग्रेन (फिल्मचे दाणे) उठून दिसतो. ३२०० केल्विनची टंगस्टन फिल्म (पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी बनवलेली) उन्हात निळी येते, तिथे ८५बी हा नारिंगी फिल्टर लावा. स्कॅन करताना ऑटो कलर बंद, नाहीतर दिसतो तो स्कॅनरचा रंग.