कार्डावर फोटो कोणाचा?

इलेक्शन जवळ आली की वऱ्हाडातल्या कोणत्याही पानठेल्यावर दवाखान्याचा विषय निघतो आणि दोन वाक्यांत पक्षावर जातो. एक जण म्हणतो, "पाच लाखाचं कार्ड कोनं देलं? मोदीनं देलं." दुसरा लगेच, "अन् राजीव गांधी योजना काऊन इसरले बाप्पा? नाव बदलवलं, बाकी का केलं?" तिसऱ्याचं दुखणं निराळंच असतं. "कार्ड हाय माह्याजवळ. तरी दवाखान्यानं पैसे घेतलेच ना. मंग कार्ड कायले पायजे?" पहिल्या दोघांचं भांडण रंगतं आणि तिसरा चहा संपवून निघून जातो. खरं तर उत्तर त्यालाच द्यायला हवं.

आधी श्रेयाचं उरकून घेऊ. केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना २००८ मध्ये आली, कुटुंबाला वर्षाला तीस हजारांपर्यंत. त्याच्या आदल्या वर्षी आंध्रात तिथल्या राज्याची आरोग्यश्री योजना सुरू झाली होती. महाराष्ट्राने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. त्या आठांत आपले गडचिरोली आणि अमरावती होते. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली. २०१७ मध्ये सरकार वेगळं होतं, तेव्हा तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीतून केंद्राची आयुष्मान भारत आली, पाच लाखांची. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या, आणि १ जुलै २०२४ पासून राज्याचं कवचही दीड लाखावरून पाच लाख झालं. म्हणजे एकाने पाया घातला, दुसऱ्याने माळा चढवला, आणि पाटी मात्र प्रत्येकाने आपली लावली.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. पश्चिम बंगालने २०१९ च्या जानेवारीत केंद्राच्या योजनेतून अंग काढून घेतलं. घरोघरी आलेल्या पत्रांवर फोटो कोणाचा, हा तिथे तक्रारीचा मोठा भाग होता. ओडिशा आणि दिल्ली सत्ता बदलल्यावर २०२५ मध्ये आत आले. रोगी तोच होता, दवाखानेही तेच होते.

आता तिसऱ्या माणसाचा प्रश्न. कार्ड असून पैसे का लागतात?

पहिली अडचण कार्डाच्याही आधीची, नावाची. आधारवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव संगणक जुळवून पाहतो. आधारवर वानखडे आणि रेशनकार्डावर वानखेडे, इकडे शेवंता आणि तिकडे शेवंताबाई, जन्मतारखेच्या जागी सरसकट एक जानेवारी. जुळणी कमी भरली की अर्ज मंजुरीसाठी अडकतो. घरच्यांना वाटतं कार्ड निघालं, कारण ऑपरेटरने "झालं" म्हटलेलं असतं. कार्ड डाउनलोड होऊन हातात येत नाही तोवर झालं समजू नका.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. कापूस वेचणाऱ्या, निंदण करणाऱ्या बाईचे ठसे मशीन घेत नाही. अशा वेळी ओटीपी किंवा चेहऱ्यावरून ओळख, हे दोन मार्ग आहेत. पण आधारला जोडलेलं सिम तीन वर्षांपूर्वीच बंद पडलेलं असतं. म्हणून आधी आधार केंद्रावर मोबाइल नंबर अद्ययावत करायचा, मग कार्डाच्या मागे लागायचं. लोक उलट्या क्रमाने करतात आणि दोन्हीकडून परत येतात.

तिसरी, सुनेचं नाव. लग्न होऊन पाच वर्षं झाली तरी तिचं नाव माहेरच्या रेशनकार्डावरच असतं. सासरच्या कुटुंबात ती दिसत नाही, मग बाळंतपणात गुंतागुंत झाली की धावपळ. तिकडून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा आणि तहसीलच्या पुरवठा विभागात इकडे नाव चढवायचं. रेशनकार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर लागतो. तो माहीत नसेल तर कंट्रोलच्या दुकानदाराला विचारायचा. जुन्या पुस्तकावर हाताने लिहिलेला नंबर चालत नाही. कार्ड प्रत्येक माणसाचं वेगळं निघतं, पण पाच लाख अख्ख्या कुटुंबाचे मिळून, तेही वर्षाला. "पाच जनाचे पंचवीस लाख" असं सांगणारे कार्यकर्ते प्रत्येक पक्षात सापडतात. सत्तर वर्षांवरच्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून वय वंदना कार्ड आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, आणि कुटुंब आधीच योजनेत असेल तर म्हाताऱ्यांना वरचे पाच लाख वेगळे मिळतात.

कार्ड निघालं. आता दवाखाना.

योजना भरती झालेल्या रोग्यासाठी आहे, आणि तीही यादीतल्या उपचारांसाठी. राज्याने व्याप्ती वाढवली तेव्हा यादीत १३५६ उपचार होते. ताप, अंगदुखी, सलाइन, बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या यात बसत नाहीत. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेले आहेत. खाजगीत ते करून घेतले तर बिल आपलं. तालुक्याच्या गावातलं नावाजलेलं हॉस्पिटल योजनेत असेलच असं नाही. आणि असलं तरी सगळ्या विभागांसाठी नसतं. हाडांसाठी आहे, हृदयासाठी नाही, असं सर्रास असतं. त्यामुळे "तुमच्याकडे योजना चालते का?" हा प्रश्न अपुरा पडतो. "या आजारासाठी, या ऑपरेशनसाठी चालते का?" असं विचारायचं, आणि काउंटरवर न विचारता आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेने दवाखान्यात बसवलेल्या मदतनिसाला, विचारायचं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. बहुतेक वेळा दाराजवळ असतं, कधी मुद्दाम कोपऱ्यात ढकललेलं.

क्रम असा असतो. आरोग्यमित्र नोंदणी करतो, डॉक्टर तपासून उपचार ठरवतो, हॉस्पिटल पूर्वमंजुरीसाठी कागद ऑनलाइन पाठवतं, मंजुरी आली की उपचार. तातडीच्या रोग्यासाठी फोनवर कळवून उपचार आधी सुरू करता येतात, कागद मागाहून. घोटाळा होतो तो "आधी डिपॉझिट भरा, मंजुरी आली की परत देऊ" इथे. एकदा रोगी रोखीचा म्हणून भरती झाला, बिलं रोखीची फाटली, की नंतर त्याला योजनेत वळवणं फार कठीण. कार्ड खिशात आणि रोगी आयसीयूत अशी गत होते. म्हणून भरतीच्या वेळीच कार्ड आणि आधार पुढे करायचं.

पॅकेजमध्ये काय येतं हेही लोकांना सांगितलं जात नाही. तपासण्या, औषधं, ऑपरेशन, रोग्याचं जेवण, डिस्चार्जनंतर काही दिवसांच्या गोळ्या आणि महात्मा फुले योजनेत घरी परतण्याचं एक वेळचं एसटी-रेल्वेचं भाडंसुद्धा. स्टेंट, रॉड, प्लेट यांचे पैसे योजनेच्या हिशोबात धरलेले असतात. "चांगल्या कंपनीचा टाकायचा तर वरून द्या" असं कोणी म्हटलं तर पक्की पावती मागा. बहुतेक वेळा पावतीचं नाव काढताच भाव उतरतो.

हॉस्पिटलवाल्यांचीही बाजू आहे आणि ती अगदीच खोटी नाही. दर ठरलेले आणि पैसे उशिरा येतात. एका रोग्याला दोन दिवस जास्त ठेवावं लागलं की त्यांच्या खिशातून जातं. म्हणूनच "कार्डाचे बेड भरले" हे वाक्य ऐकू येतं. दुसरीकडे, केंद्राच्या योजनेवरच्या २०२३ च्या कॅग (सरकारी हिशोब तपासणारी संस्था) अहवालात एकाच मोबाइल नंबरवर सुमारे साडेसात लाख लाभार्थी नोंदलेले सापडले. हे वाचून एक बाजू म्हणाली सगळी योजनाच बोगस, दुसरी म्हणाली अहवालच राजकारणाचा. मोबाइल नंबर ही ओळखीची अट नव्हती हेही खरं, आणि चुकीच्या नंबरवर मेसेज गेला तर आपल्या नावावर कोणी उपचार उचलले हे रोग्याला कळणारच नाही, हेही खरं. दोन्ही एका दमात बोलणारा माणूस पानठेल्यावर टिकत नाही.

पैसे मागितले तर राज्य योजनेसाठी १५५३८८ आणि केंद्राच्या योजनेसाठी १४५५५ हे नंबर आहेत. फोन रोगी भरती असतानाच करायचा. घरी गेल्यावर केलेली तक्रार चालते, पण तिच्यात दम राहत नाही. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, आणि आरोग्यमित्राच्या देखत फोन करा.

योजनेपलीकडे दोन वाटा आहेत, त्यांचं नाव सभेत कोणी घेत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात, उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची, तिथे हा नियम लागू नाही. म्हणून जिल्हा रुग्णालयात शुल्क नाही आणि मेडिकल कॉलेजात आहे असं होतं, आणि माणूस म्हणतो सरकार खोटं बोललं. दुसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची: दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बलांना सवलतीत. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवलेला बरा.

पक्ष खऱ्या अर्थाने आडवा येतो तो इथे. योजना यादीवर चालते, तिला कोणाच्या चिठ्ठीची गरज नाही. पण यादीबाहेरच्या आजारासाठी मदत मागायची तर आमदार-खासदाराचं पत्र जोडायची पद्धत रूढ झाली आहे, आणि पत्र मिळवायला गावातला कार्यकर्ता लागतो. हळूहळू हक्काच्या गोष्टीसाठीही लोक आधी त्याच्याकडेच जातात. तो आरोग्यमित्राला फोन लावतो, जे काम होणारच होतं ते होतं, आणि पुढच्या निवडणुकीत त्या फोनची वसुली होते. माझ्या मते कार्डावरच्या फोटोपेक्षा हा फोन जास्त महाग पडतो.

आणि ज्या आजारांनी आपल्याकडे माणसं तडकाफडकी जातात, तिथे कार्डाचा उपयोग उशिरा सुरू होतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ऑर्गनोफॉस्फेट या प्रकारच्या कीटकनाशकाच्या विषात घाम, लाळ, उलटी, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणं ही लक्षणं असतात. अ‍ॅट्रोपीन हा त्यावरचा उतारा लवकर सुरू झाला पाहिजे. कपडे काढून अंग साबणाने धुवायचं, फवारलेल्या औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्यायचं, कारण मिश्रण फवारलं असेल तर उपचार बदलतो. सापाचंही तसंच: प्रतिविष सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, प्रश्न असतो त्या रात्री तिथे कुपी आणि डॉक्टर दोन्ही आहेत का. नियमाप्रमाणे सपाटीवर तीस हजार आणि आदिवासी भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. मेळघाटात किंवा भामरागडकडे वीस हजार लोक किती डोंगर-नाल्यांत पसरलेले असतात, हे नियमात लिहिलेलं नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा आणि त्यातले दोन तृतीयांश प्राथमिक आरोग्यावर. यावरून हमरीतुमरीवर आलेले दोन पक्षवाले अजून दिसायचे आहेत.

भांडायची चांगली रीत विदर्भाला ठाऊक नाही असं नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांत ज्वारीच्या वर्गणीवर आरोग्य विमा चालवला. सुगीला ज्वारी गोळा व्हायची, जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. स्वतःची ज्वारी दिलेला माणूस वॉर्डात उपकाराखाली उभा राहत नाही. पुढे २००७ पासून आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती होता. गावाने आपल्या दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवायचं. भाषणं नाहीत, नुसती नोंद: कोणत्या तारखेला कोणतं औषध नव्हतं, कोणाला बाहेरून आणायची चिठ्ठी मिळाली.

हे आजही ग्रामसभेत करता येतं. "दवाखाना सुधारा" असा ठराव कागदावरच राहतो. ठरावात लिहायचं ते असं: आपल्या केंद्रात सर्पदंशाच्या प्रतिविषाच्या कुपी किती, मुदत कोणत्या महिन्यापर्यंत, बीपी-शुगरच्या गोळ्या मागच्या तीन महिन्यांत किती दिवस नव्हत्या, मंजूर पदं किती आणि भरलेली किती. उत्तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याने लेखी द्यावं, तारीख घालून. सरपंचाच्या विरोधी गटाने हा विषय काढला तर तो सरपंचावरचा हल्ला ठरतो आणि सभा तिथेच फुटते. म्हणून तो बचत गटाच्या बायांनी मांडलेला बरा. बाहेरून औषध आणायला दिलेल्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स आशाताईकडून मागू नका, तिची नोकरी त्याच केंद्रावर अवलंबून असते. त्या रोग्यांकडूनच घ्या.